एकतीस नंबरची हजेरी

सोमवार, १ सप्टेंबर

प्राचार्यांनी आज चहा पाजून जीवशास्त्राचा वर्ग माझ्या गळ्यात मारला. "पदवीला तुमचं जीवशास्त्र होतं ना, मॅडम? पहिल्या वर्षाचंच तर शिकवायचंय. नवे सर मिळेपर्यंत सांभाळा." त्या पदवीला पंचवीस वर्षं झाली. पुढे मी व्यवस्थापनाकडे वळले, वीस वर्षं व्यवसाय शिकवते आणि पेशींशी माझा संबंध एवढाच, की त्या माझ्यातही आहेत. तरी हो म्हणाले. नाही म्हणणं मला फक्त विद्यार्थ्यांना जमतं.

तर आता सकाळी नऊ ते अकरा 'जीवशास्त्राची ओळख', अकरा ते बारा 'व्यवसायाची ओळख'. पोरं तीच, खोल्या दोन, मास्तरीण एक.

जीवशास्त्राचे सर सुट्टीत गेले. सकाळी फिरायला निघाले, कोपऱ्यावरच्या बाकावर दम खायला बसले आणि उठलेच नाहीत. त्यांच्या घरी भेटायला मी गेले नाही. त्या आठवड्यात पेपर तपासायचे होते. शिवाय सहा महिने आमचं बोलणं बंद होतं. कारण इथे लिहिण्याइतकं मोठं नाही.

प्रयोगशाळेत त्यांचा पांढरा कोट अजून खिळ्याला आहे. कपाटात बरण्या, बरण्यांवर त्यांच्या तिरक्या अक्षरात चिठ्ठ्या. एकीवर लिहिलंय, 'शेळीचं हृदय. घाबरू नका, ते थांबलेलं आहे.' मी बरणी भिंतीकडे फिरवून ठेवली.

मंगळवार, २ सप्टेंबर

पहिला दिवस. सरांनी सुट्टीतच हजेरीपट तयार करून ठेवला होता. ती त्यांची जुनी सवय. मी नेहमीसारखे मान वर न करता नंबर पुकारत गेले. चेहरे बघत बसलं की हजेरीतच दहा मिनिटं जातात, हे मी नव्या प्राध्यापकांनाही सांगते. तीस, एकतीस, बत्तीस, सगळे हजर. मला वाटलं होतं पहिल्या दिवशी पोरं गोंधळ घालतील, पण शहाण्यासारखी बसली होती.

अकराला माझ्या हक्काच्या वर्गात गेले. तिथला माझा हजेरीपट उघडला तर त्यात तीसनंतर बत्तीस. एकतीसची ओळ कोरी.

मग मघाशी हजर कोण म्हणालं?

गुरुवार, ४ सप्टेंबर

आज मुद्दाम सरांचा हजेरीपट नीट पाहिला. बाकी सगळी नावं शाईने, एकतीसच्या पुढे नाव नाही, फक्त आकडा, तोही पेन्सिलने. कार्यालयात भाऊसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "एकतीसची जागा राखीव ठेवलीय, मॅडम. कुणाचा तरी पुनःप्रवेशाचा अर्ज अर्धा पडलाय. शोधून देतो." मी म्हटलं, घाई नाही. राखीव म्हणजे रिकामी, आणि रिकाम्या जागेवरून कुणी हजर म्हणत असेल तर ती सरळसरळ टवाळी आहे.

एकमेकांच्या नावाने हजर म्हणण्याची विद्या पोरांना कुणी शिकवावी लागत नाही. पण वर्गात नसलेल्याच्या नावाने ओरडायचं म्हणजे नव्या मॅडमची परीक्षा बघणं. बघू द्या. वीस वर्षांत असे छप्पन पाहिले.

आज कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. मला स्वतःला आधी काहीच दिसलं नाही, मग माझीच पापणी दिसली. चौथ्या टेबलावरच्या एका मुलीने न बोलता भिंग थोडं फिरवलं आणि एकदम विटांच्या भिंतीसारख्या पेशी समोर आल्या. मी "छान" म्हणाले.

मंगळवार, ९ सप्टेंबर

रोज तो आवाज येतो. मुलीचा आहे, बारीक, पण पडेल असा नाही. आवाजात खट्याळपणा असता तर मला बरं वाटलं असतं. जणू मी विचारायचीच वाट पाहत होती, असं म्हणते ती.

रात्रीच्या जेवणाला ह्यांना सांगितलं. हे हसले. "अगं, तुझा तो आवाज ऐकून मेलेलंही उठून हजर म्हणेल." एरवी मीही हसले असते. पण नेमकं त्याच वेळी सरांचा कोट डोळ्यांपुढे आला आणि मी ताट बाजूला सारलं.

जर्नलं तपासली. एकात कांद्याच्या पेशींचं चित्र इतकं देखणं होतं की मी दुसऱ्यांदा उघडून पाहिलं. रेषा एकदाही पुसलेली नाही. जर्नलवर ना नाव, ना नंबर. मी खाली लिहिलं, 'उत्तम. नाव लिहा.'

सोमवार, १५ सप्टेंबर

आज सापळा लावला. नंबर उलटसुलट पुकारले. बावन्न, सात, एकोणीस, आणि मध्येच एकतीस. "हजर." मी ताडकन मान वर केली. सगळी तोंडं मिटलेली, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारलं, "कोण बोललं?" तो म्हणाला, "एकतीस, मॅडम." कुणीही हसलं नाही. हसले असते तर मी रागावू शकले असते.

मग डोकी मोजली. यादीत एकतीस सोडून एकोणसाठ. मोजली तर साठ. पुन्हा मोजायला लागले तेवढ्यात ती चित्रवाली (चौथ्या टेबलाचीच, जर्नल तिचं निघालं) पिशवी उचलून उभी राहिली. तिची ही खोड आहे. अकराला दहा कमी असले की ती वही मिटते, पिशवी खांद्याला लावते आणि बाहेर पडते. मी दोनदा टोकलंय. "हो मॅडम" म्हणते आणि जातेच. तिच्यामुळे मोजणी विस्कटली. साठ कसे असतील, चुकलेच असेन.

अकराच्या तासाला संधी-खर्च शिकवला. एक गोष्ट निवडली की दुसरी जी हातची जाते तीच पहिलीची खरी किंमत. हा धडा मला झोपेतही येतो.

गुरुवार, १८ सप्टेंबर

बरं वाटत नव्हतं तरी गेले. मी सहसा रजा घेत नाही. आई शेवटची दवाखान्यात होती तेव्हाही मी एकही तास बुडवला नव्हता. तास संपला की थेट तिच्याकडे जायचे. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशीही तास संपवूनच पोहोचले. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर माझं उदाहरण दिलं होतं. ते आज का आठवलं कोण जाणे.

सरांशी बोलणं का बंद झालं ते लिहूनच टाकते. डोक्यात ठेवून ते सडायला लागलंय. मागच्या वर्षी एका मुलीची माझ्या तासाची हजेरी एकाहत्तर टक्के भरली. पंच्याहत्तर लागते. सर माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, तिची आई आजारी आहे. आठवड्यातून दोनदा अकराला तिला उपचारांना न्यावं लागतं. घरात दुसरं कुणी नाही. खोटी हजेरी द्या असं मी म्हणत नाही. आपण तास बदलून घेऊ. तुम्ही नऊला या, मी अकरा घेतो. माझ्याकडचा तिचा बुडेल तो भाग मी शनिवारी घेईन." मी म्हटलं, एकीसाठी साठ जणांचं वेळापत्रक हलवायचं? उद्या दुसरी येईल. खरं कारण एवढंच होतं की नऊला यायचं म्हणजे मला सातला निघावं लागलं असतं.

यादी मी मुदतीत कार्यालयाला दिली. तिला परीक्षेला बसू दिलं नाही. नियम मी केलेला नाही. सर त्या दिवसापासून माझ्याशी बोलले नाहीत, आणि आता बोलायचे नाहीत.

ती मुलगी दिसायला कशी होती, ते आठवून पाहिलं. आठवत नाही. तिचा टक्का तेवढा आठवतो.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आज मी ते संपवलं.

हजेरी घेताना एकतीसला थांबले. पेन खाली ठेवलं. म्हटलं, "जी कोणी असेल तिने उभं राहावं." कुणी हललं नाही. पंखा तेवढा कुरकुरत होता. मी शंभरपर्यंत मोजलं. मग लाल पेन काढलं, वर्गाला दाखवून एकतीसवर आडवी रेघ मारली आणि म्हटलं, "आजपासून हा नंबर नाही. ह्यापुढे कुणी ह्या नंबरला उत्तर दिलं तर सगळ्या वर्गाची हजेरी कापीन."

पेन्सिलचा आकडा आणि त्यावर लाल शाई. रेघ जरा जोरात मारली गेली, कागद फाटला.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "जिंकलीस म्हणायचं." मी म्हटलं, हो.

सोमवार, २२ सप्टेंबर

तीस. बत्तीस. मध्ये काहीच नाही. मी हेच तर मागितलं होतं. पण तीसनंतर मी आपोआप थांबते आणि ऐकत राहते. पोरंही ऐकतात. साठ माणसं एका न येणाऱ्या आवाजासाठी गप्प, आणि ती शांतता मी भरून काढू शकत नाही.

बरणी पुन्हा पुढे फिरलेली होती. साफसफाईवाल्या मावशींनी पुसताना फिरवली असेल. 'घाबरू नका.' मी ती तशीच राहू दिली.

चित्रवाली आली नाही. तिचं जर्नलही आलं नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

चित्रवाली आजही नाही. अकराला दहा कमी असताना मी चौथ्या टेबलाकडे पाहिलं. उठणारं कुणी नव्हतं. तिथल्या मुलींना विचारलं, ती आजारी आहे का. एकीने दुसरीकडे पाहिलं. दुसरी म्हणाली, "माहीत नाही, मॅडम." माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. उद्धट कारटी आहेत.

हजेरीत तिचा नंबर कोणता ते शोधायला बसले. गैरहजेरीची खूण केलेल्यांत ती असायला हवी. दोन दिवस एकही गैरहजर नाही. एकोणसाठच्या एकोणसाठ हजर.

गुरुवार, २५ सप्टेंबर

घडलं तसं लिहून काढते.

दुपारी भाऊसाहेब एक कागद घेऊन आले. "मॅडम, एकतीसचा तो अर्ज सापडला बघा. सरांच्याच खणात होता. त्यांची सही आहे, तुमची राहिलीय. उद्या मुदत संपते. नंतर जागा जाते आणि मग तिला पुढच्या वर्षीही घेता येत नाही."

अर्जाला फोटो चिकटवलेला होता. चित्रवाली.

मागच्या वर्षी ही आठवड्यातून निदान तीन दिवस माझ्यासमोर बसली होती. ह्या महिन्यात मी तिला 'उत्तम' लिहिलं, 'छान' म्हणाले, दोनदा टोकलं. आणि रोज तिचा नंबर पुकारला, रोज तिने उत्तर दिलं, आणि मी ते उत्तर कुणाचं हे शोधत फिरले. हे ऐकल्यावर ह्यांनी एकच म्हण म्हटली, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मग माझं तोंड बघून पाणी आणून दिलं.

अर्जात गैरहजेरीचं कारण लिहिलंय. 'आईचे उपचार. सोमवार व गुरुवार, सकाळी अकरा.' त्याच्या बाजूला समासात तिरकं अक्षर, पेन्सिलने.

'तासांची अदलाबदल शक्य. मॅडमना विचारले. नाही म्हणाल्या. पुन्हा विचारेन.'

पुन्हा विचारेन. हे लिहून माणूस फिरायला निघाला आणि बाकावर बसला. आणि आज ते विचारतायत. कोट खिळ्याला आहे, बरणी समोर आहे आणि सर विचारतायत, आणि आता मला नाही म्हणायला कारणही उरलेलं नाही. नऊचा तास माझा आहे. अकराचाही माझाच.

सही तिथेच केली. मग नवं वेळापत्रक लिहून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं. व्यवसाय नऊला, जीवशास्त्र दहा ते बारा. सोमवारी आणि गुरुवारी तिचा सूक्ष्मदर्शकाचा तास बुडेल, तो शनिवारी येऊन परत घेईन. प्राचार्य म्हणाले, "एका मुलीसाठी?" मी म्हटलं, "हो, एका मुलीसाठी." उद्या दुपारी स्वतः तिच्या घरी जाऊन सांगणार आहे. पत्ता अर्जावर आहे.

कित्येक महिन्यांनी मला स्वतःबद्दल थोडं बरं वाटतंय.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिना अरुंद, खालून शिलाई मशीनचा आवाज. दार तिनेच उघडलं. मला पाहून दोन पावलं मागे सरली. मग "या ना, मॅडम" म्हणाली आणि खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली.

खिडकीशी पलंग, त्यावर गादीची गुंडाळी दोरीने बांधलेली. भिंतीवर प्रयोगशाळेतल्या सगळ्या बरण्यांची चित्रं, ओळीने लावलेली. शेळीचं हृदयही होतं. चिठ्ठीसकट.

मी घडाघडा बोलत सुटले. सही केली, जागा पक्की झाली, लाल रेघ माझी चूक होती. तास बदललेत, आता व्यवसाय नऊला, तुला अकराला निघता येईल, आईंना घेऊन जाता येईल, एक दिवसही बुडणार नाही. ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली,

"मॅडम, अकरा चालेल मला आता."

मी म्हटलं, "अगं, पण आई?"

"आई मागच्याच वर्षी गेली. परीक्षेच्या आठ दिवस आधी. अर्ज भरला तेव्हा होती." मग मलाच धीर द्यावा तसं म्हणाली, "पेपरच्या दिवशी मी घरीच होते. करायला काही नव्हतं. सकाळी अकरा वाजले तेव्हा वाटलं, आत्ता प्रश्नपत्रिका वाटत असतील."

तिने चहा टाकला. स्टोव्हकडे तोंड करून म्हणाली, "सर म्हणाले होते, एकतीस नंबर तुझ्यासाठी ठेवलाय, अर्ज होईपर्यंत नुसती येऊन बसत जा, मॅडमशी मी बोलतो. मग सर गेले. मी येणार नव्हते. पण चौथ्या टेबलावरच्या दोघी आमच्याच गल्लीतल्या, त्या म्हणाल्या, एक दिवस ये. आणि तुम्ही पहिल्याच दिवशी एकतीस पुकारलंत. मला वाटलं, सरांनी तुम्हाला सांगितलंय. तुम्ही मलाच बोलावताय असं वाटलं. म्हणून मी हजर म्हणाले."

"मग मी उभी राहा म्हटलं तेव्हा का नाही उभी राहिलीस?"

"तेव्हा कळलं ना, की तुम्हाला माहीत नाही."

मी विचारलं, अकराला दहा कमी असताना ती रोज कुठे जायची. ती म्हणाली, कुठेच नाही. सवयीने निघायची, दवाखान्यापर्यंत चालायची आणि घरी यायची.

माझा चहा गार झाला. माझ्या आईच्या दवाखान्याचा जिना मला आठवला. मी किती वाजता तो चढले होते तेही आठवलं. तिच्यासमोर मी रडले. तिनेच खांद्यावर हात ठेवला. खरं तर हे उलटं व्हायला हवं होतं.

सोमवार, २९ सप्टेंबर

वेळापत्रक पुन्हा होतं तसंच ठेवलं. प्राचार्य म्हणाले, "तुमचं एक काही ठरेना, मॅडम."

लाल रेघेवर कागदाची पट्टी चिकटवून तिचं नाव शाईने लिहिलं. माझ्या हजेरीपटातल्या कोऱ्या ओळीतही लिहिलं. नऊच्या तासाला सगळ्यांची हजेरी मान वर करून घेतली, एकेक चेहरा बघत. अकरा मिनिटं लागली.

आज बेडकाच्या रक्ताभिसरणाची आकृती काढायची होती. चौथ्या टेबलावर ती माझ्याआधीच अर्ध्यावर पोहोचली होती. अकराला दहा कमी झाले. तिने वही मिटली, पिशवी खांद्याला लावली आणि उभी राहिली. दारापर्यंत गेली. तिथे कडीवर हात ठेवून थांबली. सगळा वर्ग खाली मान घालून आकृती काढत असल्याचं दाखवत होता. मी तिला हाक मारली नाही, मला तो हक्क नव्हता. थोड्या वेळाने ती वळली, जागेवर येऊन बसली आणि पिशवी मांडीवर तशीच धरून ठेवली.

अकराला माझ्या वर्गात मी एकतीस म्हटलं. उत्तर यायला वेळ लागला. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"हजर," ती म्हणाली.

मी खूण केली. पुढचा नंबर पुकारायला मला जरा वेळ लागला.